अरासेलीच्या कमरेचं माप

माझं माप चुकत नाही. बढाई म्हणून सांगत नाही, याताइती गावात कुणालाही विचारा. सत्तावीस वर्षं शिवते आहे. शाळेचे गणवेश, नवरीचे झगे, पाद्रीबाबांचे अंगरखे आणि परगावच्या लोकांसाठी आमच्या गावचे कशिद्याचे सदरे. माप घेतलं की वहीत लिहिते, आणि त्या वहीवर माझा देवाहून थोडाच कमी विश्वास आहे. माझ्या हातचा कपडा परत आला असं आजवर दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा गिऱ्हाईक गरोदर होतं.

अरासेली माझी एकुलती एक मुलगी. वय चौदा, वजन शहाण्णव किलो. वजनाचं मी आपण होऊन कुणाला सांगत नसे, पण गेल्या वर्षात इतक्या लोकांनी ते मलाच सांगितलं की आता लपवण्यात अर्थ नाही. तिचा बाप ब्वेनोस आयरेसला बांधकामावर असतो. तो फोनवर विचारतो, "पोरगी नीट जेवते ना?" त्याच्या दृष्टीने प्रश्न तेवढाच.

मार्चमध्ये तिला बसताना दुखायला लागलं. ओटीपोटात खाली, आणि त्याच्याही खाली, जिथलं नाव आमच्या घरात घेतलं जात नाही. अर्धा तास बसली की कळ सुरू व्हायची आणि तासाभरात ती उठून उभी राहायची. गणिताच्या मास्तरांना वाटलं, पोरगी आपला अपमान करते आहे. त्यांनी चिठ्ठी पाठवली, 'विद्यार्थिनी वर्गात विनाकारण उभी राहते.' मी खाली लिहिलं, 'कारण आहे, सापडलेलं नाही,' आणि सही करून परत पाठवली.

एरवी मी एवढी घाबरले नसते. पण अरासेलीला वियारिका शहरातल्या तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्सला जायचं होतं. माझ्या शिलाई मशीनची मोटर ती अकराव्या वर्षापासून उघडते आणि बंदही करते, म्हणजे सगळे स्क्रू परत लागतात. त्या शाळेची प्रवेशपरीक्षा नोव्हेंबरात असते. पेपर तीन तासांचा. जागेवरून उठलं की पेपर काढून घेतात, असा त्यांचा नियम. जी मुलगी तासभर बसू शकत नाही, तिने हुशार असून काय करायचं?

आम्ही तीन डॉक्टर केले. पहिल्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ती ज्या खुर्चीवर बसणार होती त्या खुर्चीकडे, आणि सांगितलं, वजन कमी करा. दुसऱ्याने सोनोग्राफी केली. आत सगळं ठीक होतं. तो म्हणाला, मांदियोका बंद करा. मांदियोकाचा उकडलेला कंद नसेल तर आमच्याकडे ताट वाढलं असं कुणी धरतच नाही, पण बंद केला. तिसऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कुठे दुखतं हे विचारलं, पण उत्तर पुरतं ऐकलं नाही. दोन महिन्यांत अरासेलीचं वजन तीन किलो उतरलं आणि दुखणं होतं तिथेच राहिलं.

मधल्या काळात माझी नणंद सेफेरिना हिने उपचार हातात घेतले. ती रोज सकाळी कसली कसली मुळं नि पाला कुटून आमच्या तेरेरेच्या, म्हणजे नळीने ओढायच्या थंड काढ्याच्या, पाण्यात घालायची.

"चरबी धुऊन निघते याने," ती म्हणायची.

"कुठून निघते?" मी विचारलं.

"निघते त्या वाटेने."

ती वाट म्हणजे लघवी. अरासेलीला तासातासाला जावंसं वाटायचं, आणि शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी नव्हती. म्हणून ती दिवसभर धरून ठेवायची. हे आम्हाला पुढे कळलं. त्या वेळी आम्ही तिला आणखी एक पेलाभर प्यायला सांगत होतो.

जुलैच्या सुट्टीत कुणीतरी सांगितलं की वियारिकाच्या दवाखान्यात अंगाच्या व्यायामाच्या नव्या बाई आल्यात, त्या असलं दुखणं बघतात. मला वाटलं, पोरीला पळायला लावतील. तरी गेलो.

निमियाबाई अठ्ठावीस-तीसच्या असतील. खोलीत एक गादी, दोन उशा, एक मोठा रबरी चेंडू आणि टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा. त्यांनी अरासेलीला विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"मार्चपासून," मी म्हणाले.

"बसल्यावर की उठताना?"

"बसल्यावर. जेवल्यावर जास्त."

"न्या एलादिया," निमियाबाई आमच्याकडच्या मानाच्या 'न्या'सकट शांतपणे म्हणाल्या, "दुखतंय कुणाला?"

मी गप्प बसले. मला गप्प बसवणाऱ्या बाया गावात फार नाहीत. अरासेली हळूहळू बोलायला लागली, आणि ती जे बोलली त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होते. संडासाच्या कडीचं तेव्हाच कळलं. सेफेरिनाचा पाला त्याच दिवशी बंद झाला.

मग निमियाबाईंनी तिला कपड्यांनिशी गादीवर उताणं झोपवलं, गुडघ्यांखाली उशी दिली, आणि म्हणाल्या, "पोटावर हात ठेव. श्वास पोटात घे, हात वर येऊ दे."

हात वर आला नाही. खांदे वर आले.

"पोट सोड आधी."

"सोडलंय."

"नाही सोडलेलं."

"सोडलंय, खरंच," अरासेली म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं.

निमियाबाईंनी मला जवळ बोलावून तिच्या पोटावर हात ठेवायला लावला. वरून मऊ, आणि आत फळीसारखं कडक. मग मला म्हणाल्या, "मूठ आवळा. घट्ट. सोडायची नाही." आणि त्या अरासेलीला तो सांगाडा दाखवायला लागल्या. हा हाडांचा कठडा, आणि याच्या तळाशी झोळीसारखे स्नायू. पोट आवळलं की ही झोळीही आवळते. श्वास घेताना ती खाली यायला हवी, सोडताना वर जायला हवी. तुझी कित्येक दिवस खाली आलेलीच नाही. असं सगळं सावकाश सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "दुखतोय हात?"

"दुखतोय."

"तीन मिनिटं झाली. हिचं तसंच चाललंय. पोट कधीपासून आत धरतेस, अरासेली?"

"पहिल्या कम्युनियनपासून."

म्हणजे चर्चमध्ये पहिला प्रसाद घेतला, दहा वर्षांची होती तेव्हापासून. तो दिवस मला चांगला आठवतो. तिचा झगा मीच शिवला होता, आणि सगळ्या चर्चमध्ये तसा दुसरा नव्हता.

"कुणी सांगितलं होतं आत धरायला?"

अरासेली भिंतीवरचा तक्ता बघत राहिली. "कुणी नाही. सवय लागली."

मला पटलं नाही. कुणीतरी सांगितलं असणारच. शाळेतल्या नाचाच्या बाई असतील, नाहीतर सेफेरिनाच्या काटकुळ्या पोरी. मी तिथे बसल्या बसल्या त्या सगळ्यांना मनातल्या मनात झापून घेतलं.

"म्हणजे वजनाचा काही संबंध नाही?" मी विचारलं.

"आहे थोडा. सांध्यांवर भार येतो, चालणं कमी होतं. तेही बघू. पण शहाण्णव किलोच्या सगळ्या पोरींना बसताना दुखत नाही, आणि पन्नास किलोच्या काहीजणी दुखतं म्हणून येतात माझ्याकडे. लठ्ठ असण्याची शिक्षा म्हणून काही दुखत नसतं, न्या एलादिया."

घरी करायला त्यांनी दिलं ते असं. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पोटात श्वास. संडासात पायांखाली पाट. लघवी धरायची नाही; शाळेला त्या स्वतः पत्र देणार, आणि ते त्यांनी दिलंही. संध्याकाळी चौकापर्यंत चालायचं. आणि रोज रात्री दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे.

श्वासाची देखरेख मी करायची. अरासेली पडवीत चटईवर आडवी, मी मशीनवर. "घे. फुगव. फुगव अजून." सेफेरिना येऊन बघत उभी राहिली.

"एलादिया, पोट सुटायचं शिकवतेस होय पोरीला?"

"उपचार आहे तो."

"मग मला पंधरा वर्षांपूर्वीच बरं वाटायला हवं होतं," ती म्हणाली, आणि शेजारी चटई टाकून तीही आडवी झाली. दहा मिनिटांत घोरायला लागली. निमियाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, यांना हा व्यायाम छान जमतोय.

अरासेलीला मात्र अर्धाच जमत होता. पाच आठवड्यांनी निमियाबाईंनी गुणांचा कागद समोर ठेवला. रविवारी दोन. सोमवारी पाच. बुधवारी आठ. शुक्रवारी आठ. पुन्हा रविवारी दोन. प्रत्येक आठवडा तसाच.

"रविवारी वेगळं काय असतं?"

"मास," मी म्हणाले. "आम्ही चर्चमध्ये प्रार्थनेला जातो."

निमियाबाईंनी त्याची नोंद केली नाही. "कपडे काय घालतेस रविवारी?"

"प्रार्थनेपुरता चांगला झगा. मग दिवसभर पप्पांचा फुटबॉलचा जुना सदरा."

"पुढच्या वेळी शाळेच्या कपड्यात ये."

पुढच्या वेळी आम्ही तशा गेलो. निळा चुण्यांचा स्कर्ट, पांढरा सदरा, दोन्ही माझ्या हातचे. मी मुद्दाम इस्त्री कडक केली होती. निमियाबाईंनी अरासेलीला विचारून स्कर्टचा हूक काढला. म्हणजे काढायला नुसता हात लावला. हूक आपण होऊन सुटला आणि पट्टी चार बोटं फाकली. कमरेवर गोल वळ उठला होता, लालभडक, शिवणीचे टाकेसुद्धा मोजता आले असते.

"हा वळ जातो कधी?" निमियाबाईंनी विचारलं.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत," अरासेली म्हणाली.

"स्कर्ट कुठून घेतलात?"

"घेतला नाही. मी शिवलाय," मी म्हणाले.

"माप कसं घेता तुम्ही?"

असं कुणी विचारलं की मला बरं वाटतं. टेप माझ्या पिशवीत असतोच. मी म्हटलं, उभ्या राहा, दाखवते. त्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्या कमरेभोवती टेप घातला आणि गेली सत्तावीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणते तेच म्हणाले, "सरळ उभ्या राहा. खांदे मागे. पोट आत."

निमियाबाईंनी पोट आत घेतलं.

"एकाहत्तर," मी म्हणाले.

"आता सोडते हं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सोडलं. टेप माझ्या बोटांतून सरकला. अठ्ठ्याहत्तर. निमियाबाई अंगाने बारीक आहेत. त्यांना नावापुरतंही पोट नाही, आणि तरी सात सेंटिमीटर.

मी टेप गुंडाळला, पिशवीत ठेवला, परत काढला आणि पुन्हा गुंडाळला. अरासेली सांगाड्याकडे बघत होती. निमियाबाईंनी तोंडातून अक्षर काढलं नाही, म्हणून मी आजही त्यांना बरं म्हणते. काढलं असतं तर मी भांडले असते, आणि मग मला काहीच कळलं नसतं.

परतीच्या बसमध्ये मीच सुरुवात केली.

"सगळ्या शिंपिणी असंच सांगतात."

"हो."

"पोट सोडून माप घेतलं तर कपडा ढगळ बसतो."

"हो, आई."

"घट्ट होतोय, हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. सहावीत. तू म्हणालीस, माझं माप चुकत नाही."

हे मी म्हणाले असणार, त्यात शंका नाही. "आणि त्या पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, कुणी सांगितलं म्हणून? तेव्हा का नाही बोललीस?"

"दार उघडं होतं. बाहेर तुझी दोन गिऱ्हाईकं बसली होती."

मला आधी राग आला, कारण राग मला पटकन सापडतो. मग लाज वाटली. ती इतकी वाटली की एक थांबा आधी उतरावं आणि चालत घरी जावं असं झालं. पण सोबत अरासेली होती आणि पाऊण तास उभ्याने प्रवास करून ती दमली होती. म्हणून बसूनच राहिले. म्हणजे मी बसून होते. ती उभी होती.

घरी जाऊन वही काढली. अरासेलीचं पान काढायला वेळ लागला नाही, गिऱ्हाइकांत सगळ्यात जास्त मापं तिचीच. आणि एक गोष्ट जी मला माहीत होती पण मी कधी स्वतःशी बोलले नव्हते, ती तिथे माझ्याच अक्षरात होती. टेपवर जे यायचं त्याहून मी तिचं दोन सेंटिमीटर कमी लिहायची. दुसऱ्या कुणाचं असं केलेलं नाही. मला वाटायचं, कपडा जरा लहान असला की पोरगी हळूहळू त्याच्या मापाला येईल. चार वर्षं मी तिला कपड्याच्या मापाला आणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हाक मारली. "ये. नवा स्कर्ट करायचाय."

ती आली, उभी राहिली, खांदे मागे घेतले.

"पोट सोड," मी म्हणाले.

"सोडलंय."

आता मला ते ओळखू येत होतं. मी टेप तिच्या कमरेभोवती सैल धरला आणि समोर स्टुलावर बसले. घाई नाही म्हटलं. शेजारी रेडिओवर फुटबॉलची बडबड चालू होती. श्वास घे, सोड. परत घे. टेप हलला नाही. तिचे डोळे भरून आले, म्हणाली, "मला येतच नाही, आई." मी म्हटलं, नाही आलं तर उद्या बघू, मला आज दुसरं काम नाही. हे धडधडीत खोटं होतं, पंधरा गणवेश बाकी होते. चौथ्या की पाचव्या श्वासाला टेप माझ्या बोटांत ताठला, मग बोटं ढकलत पुढे आला. मी त्याला वाट दिली.

"किती?" तिने विचारलं.

आजवर तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मी कधी आपण होऊन सांगितलं नव्हतं.

"एकशे नऊ."

"वहीत काय आहे?"

"शहाण्णव."

तिने थोडा विचार केला. "वजन पण शहाण्णवच होतं," ती म्हणाली. "आधी वही दुरुस्त कर."

मी केली. नवा स्कर्ट एकशे बाराचा शिवला, बाजूला चुण्यांच्या आत रबरी पट्टी घालून. बाहेरून कुणाला दिसत नाही. सेफेरिनाने एकदा बघितला आणि म्हणाली, मलाही असाच एक पाहिजे.

दुखणं काही एका रात्रीत गेलं नाही. सप्टेंबरात बुधवारचे गुण पाचावर आले, ऑक्टोबरात तीनवर. निमियाबाई तिला घड्याळ लावून खुर्चीवर बसवायच्या. चाळीस मिनिटं, मग तास, मग दीड. मधे न उठता कुल्ला कसा हलवायचा, श्वास कुठे न्यायचा, हे शिकवायच्या. पाठीमागे टॉवेलची गुंडाळी. दोन तासांच्या पुढे मात्र गाडी जाईना. परीक्षेला आठवडा उरला होता. मी विचारलं, तीन तास होतील का? त्या म्हणाल्या, माहीत नाही. मला वाटलं होतं, धीर द्यायला का होईना, हो म्हणतील.

परीक्षेच्या दिवशी वियारिकात उकाडा असा होता की शाळेच्या अंगणातले कुत्रेही सावली सोडत नव्हते. दार बंद झालं. आम्ही आया बाहेर. एका आईने मला विचारलं, तुमची कुठली? मी म्हटलं, निळ्या स्कर्टमधली. सगळ्यांचेच स्कर्ट निळे होते.

तासाभराने एक मुलगा बाहेर आला, मी दारापर्यंत गेले. दीड तासाने दोन मुली. दोन तास झाले तेव्हा मी माझ्या नकळत मूठ आवळून उभी होते. दोन तास वीस मिनिटांनी दार उघडलं आणि एक जाडजूड मुलगी बाहेर आली. ती दुसरीच कुणाची होती. तिची आई म्हणाली, "झालं एवढ्यात?" मुलगी म्हणाली, "बसवेना." त्या आईने डोळे मिटले. तिला निमियाबाईंचं नाव सांगावं असं मनात आलं, पण दारासमोरून हलवेना. मागून गाठून सांगितलं, ते नंतर.

तीन तासांची घंटा झाली आणि उरलेली पोरं एकदम बाहेर पडली. अरासेली शेवटून तिसरी. हातात पॅड, केस कपाळाला चिकटलेले. अंगण मोठं आहे, आणि तिने मला अजून पाहिलं नव्हतं. ती सावकाश चालत होती, पोट सोडून, सदरा पुढे आलेला, श्वास घेतला की तो वर यायचा, सोडला की खाली जायचा. कुणीही चालतं तशी चालत होती. दहा वर्षांची झाल्यापासून मी तिला तसं चालताना पाहिलं नव्हतं.

मग तिने मान वर केली. मी दिसले. आणि तिचं पोट आत गेलं.

मी काही बोलले नव्हते. भुवईसुद्धा उचलली नव्हती. तिनेही ते मुद्दाम केलं नाही. तिला कळलंही नसेल. मला बघितलं आणि ते आपोआप गेलं, एवढंच.

मी पाठ फिरवली. समोर फाटकाशी चिपा पाव विकणारी टोपली घेऊन बसली होती. मी तिच्या टोपलीकडे बघत उभी राहिले. मागून अरासेलीची पावलं जवळ आली आणि थांबली.

"बसले, आई," ती माझ्या पाठीमागून म्हणाली. "तीन तास."

"दुखलं?"

"शेवटी शेवटी. पण बसले."

"बरं," मी म्हणाले. "वळू का?"

तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"थांब जरा," ती म्हणाली.

मी थांबले.